लहान मुलांच्या घरात कोणता टेरिअर?

ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा रेकॉर्डच्या वेष्टनावरून आपल्यापैकी अनेकांच्या घरी येऊन गेला आहे. त्याचं नाव निपर. १८८४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जन्मलेला हा कुत्रा टेरिअरच्या वळणाचा होता. घरी येणाऱ्यांच्या पोटऱ्यांना दात लावायची त्याला खोड होती आणि त्यावरूनच हे नाव पडलं, असं सांगतात. टेरिअर घ्यायला निघालेल्या आईबाबांना फोटोत दिसतो तो मान तिरकी केलेला कुत्रा. पोटरीचं प्रकरण घरी आणल्यावर कळतं.

म्हणून निवडीची सुरुवात फोटोपासून करू नका. ‘मुलांशी चांगला वागतो का?’ हा प्रश्नही थोडा बाजूला ठेवा, कारण विकणारा प्रत्येक जण त्याला ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी विचारा, ही जात कोणत्या कामासाठी घडवली गेली? टेरिअरच्या बाबतीत बाकीची बरीचशी उत्तरं याच एका उत्तरातून निघतात.

कामाचा वारसा

टेरिअर म्हणजे एक जात नव्हे. पंचवीस-तीस जातींचं हे खानदान आहे आणि त्यातल्या बहुतेक जाती ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या शेतांवर, खाणींत, गिरण्यांत तयार झाल्या. कोल्हा, बिज्जू, उंदीर, घुशी यांना बिळात शिरून हुसकायचं किंवा जागीच संपवायचं, हे त्यांचं काम. बिळाच्या अंधारात मालक सोबत नसतो. तिथे जो कुत्रा स्वतः निर्णय घेतो, मोठ्यांदा भुंकून आपला ठावठिकाणा कळवतो आणि समोरचा अंगावर आला तरी मागे हटत नाही, तो उपयोगाचा. पिढ्यान्‌पिढ्या अशाच कुत्र्यांची निवड होत गेली.

आता हेच गुण तुमच्या हॉलमध्ये आणून बघा. तीन वर्षांचं मूल मोजे घालून फरशीवरून किंचाळत पळतंय. चार महिन्यांच्या टेरिअरला त्यात दोन गोष्टी दिसतात: वेगाने पळणारं काहीतरी आणि बारीक, उंच पट्टीतला आवाज. पिल्लू मागे धावतं, मोज्याचं टोक दातांत पकडतं आणि मान झटकून हिसडा देतं. मूल रडतं, त्याचा आवाज आणखी चढतो आणि पिल्लाला अजूनच चेव येतो. पिल्लात दुष्टावा नाही, मुलाचीही चूक नाही. उंदीर मारताना मानेचा जो झटका लागतो, तोच इथे खेळात उतरलेला असतो. चूं-चूं वाजणारं खेळणं टेरिअरला दिलंत, तर बहुधा पहिल्याच दिवशी तो ते फाडून आतली शिट्टी बाहेर काढेल, तेही याच कारणाने.

याचा अर्थ टेरिअर मुलांच्या घरात नकोच, असा नाही. उलट ही कुत्री धीट, आनंदी, चिवट असतात. खेळायला कंटाळत नाहीत आणि बहुतेकांचा आकार फ्लॅटमध्ये मावणारा असतो. फक्त हा वारसा कोणत्या जातीत किती तीव्र आहे आणि तुमचं मूल किती मोठं आहे, याचा मेळ घालावा लागतो.

आधी मुलाचं वय, मग कुत्र्याची जात

मूल चालायला लागल्यापासून साधारण चार वर्षांचं होईपर्यंत टेरिअरचं पिल्लू आणू नये, असं मी सरळ सांगेन. या वयात मुलाला ‘तो झोपलाय, हात लावू नको’ हे ऐकून कळतं, पण पाळता येत नाही. पिल्लालाही नेमके याच काळात दात येत असतात. दोन अर्धवट वयाच्या जिवांवर एकाच वेळी नजर ठेवणं, तेही नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून, जवळपास अशक्य आहे. कुत्रा हवाच असेल, तर दोन-तीन वर्षांचा, मुलांच्या घरात राहिलेला आणि ज्याचा स्वभाव आधीच्या मालकाने प्रामाणिकपणे सांगितला आहे, असा मोठा कुत्रा बघा.

पाच-सहा वर्षांचं मूल नियम पाळू शकतं, कुत्र्याला हाक मारून खाऊ देऊ शकतं. आठ-नऊ वर्षांचं मूल शिकवण्यात खराखुरा भाग घेतं. तरीही रस्त्यावर पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात हवा, कारण समोरून मांजर गेलं की सहा किलोचा टेरिअरही शाळकरी मुलाला ओढून रस्त्यावर नेऊ शकतो.

आणखी एक हिशोब करून ठेवा. टेरिअर साधारण बारा ते पंधरा वर्षं जगतात. आज मूल पाच वर्षांचं असेल, तर ते बारावीला असेल तेव्हा घरात म्हातारा कुत्रा असेल. त्या वर्षी त्याला फिरायला कोण नेणार, हे आजच ठरवायचं.

कोणत्या जाती बघाव्यात

*बॉर्डर टेरिअर.* मुलांच्या घरासाठी एकच नाव सांगायचं, तर मी हे सांगेन. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या डोंगराळ भागातला हा कुत्रा शिकारी कुत्र्यांच्या टोळीबरोबर आणि घोड्यांच्या मागे धावायचा. दिवसभर इतर कुत्र्यांसोबत राहायचं असल्यामुळे भांडकुदळ कुत्री तिथे टिकली नाहीत. आजही टेरिअरांमध्ये त्याचा स्वभाव त्यातल्या त्यात समजूतदार मानला जातो. वजन पाच ते सात किलो, म्हणजे उचलता येईल इतपत हलका आणि मुलाने चुकून पाय दिला तर मोडणार नाही इतपत दणकट. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९२० मध्ये या जातीला मान्यता दिली आणि तिथे हा कुटुंबातला लोकप्रिय कुत्रा आहे. लंडन, मँचेस्टरकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो सहज बघता येईल. महाराष्ट्रात मात्र तो क्वचितच मिळतो. कोणी ‘बॉर्डर’ म्हणून काही दाखवलं, तर कागद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*केर्न टेरिअर.* १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातला टोटो याच जातीचा. स्कॉटलंडच्या दगडांच्या ढिगाऱ्यांत लपलेले प्राणी हुडकून काढणारा, सहा-सात किलोचा, विस्कटलेल्या केसांचा हा कुत्रा. खेळकर आणि कणखर. खणायची आवड जबर, त्यामुळे गॅलरीतल्या कुंड्या उंचावर ठेवायची तयारी हवी. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांशी छान जमतं.

*वेस्ट हायलँड व्हाइट टेरिअर.* लाडाचं नाव वेस्टी. केर्नचाच नातेवाईक, पण पांढराशुभ्र. आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळतो. स्वभाव आनंदी, थोडा मानी. मुलांनी दामटून उचलून घेतलेलं त्याला खपत नाही. त्याचा खरा प्रश्न कातडीचा आहे. या जातीत ॲलर्जी आणि त्वचेचे आजार बरेच आढळतात आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते बळावतात. पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईबापांची कातडी स्वतःच्या डोळ्यांनी बघा: पोटाखाली, काखेत, पंजांच्या बोटांमध्ये. तिथे लाली असेल किंवा सतत चाटून केस तांबूस झाले असतील, तर परत फिरा.

*मिनिएचर श्नॉझर.* हा जर्मनीतल्या शेतांवरचा उंदीरमार. अमेरिकेत त्याला टेरिअरांच्या गटात धरतात, ब्रिटनमध्ये नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की तो शिकवायला सोपा आहे, केस कमी गाळतो, वजन पाच ते आठ किलोच्या आसपास असतं आणि भारतात मिळतो. तेलकट खाणं त्याला अजिबात सोसत नाही, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मुलं टेबलाखालून वडे-पुऱ्या सरकवणारी असतील, तर आधी त्यांची सवय मोडा.

*एअरडेल आणि व्हीटन.* घराला अंगण आहे आणि मुलं सात-आठ वर्षांच्या पुढची आहेत, तर या दोघांचा विचार करता येईल. यॉर्कशरच्या एअर नदीच्या खोऱ्यातला एअरडेल हा टेरिअरांमधला सर्वांत मोठा. नराची उंची ५८ ते ६१ सेंटिमीटर, वजन वीस किलोंच्या वर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने त्याचा संदेशवाहक म्हणून उपयोग केला होता, यावरून त्याच्या अकलेची आणि दमाची कल्पना यावी. मात्र पहिली दोन वर्षं तो स्वतःचं वजन विसरून मुलांना आडवं पाडतो. आयर्लंडचा सॉफ्ट कोटेड व्हीटन त्याच्याहून लहान आणि मवाळ. पण त्याच्या रेशमी केसांत रोज कंगवा फिरवला नाही, तर आठवडाभरात जटा होतात.

यांच्या बाबतीत सबुरीने

*जॅक रसेल.* सध्या मागणी असलेला आणि सर्वांत जास्त वेळा चुकीच्या घरात गेलेला टेरिअर कदाचित हाच. जॉन रसेल हे डेव्हन परगण्यातले पाद्री. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून कोल्ह्याच्या शिकारीसाठी हा वंश वाढवला. त्याची ऊर्जा अजूनही तशीच आहे. धावायला, डोकं चालवायला रोज भरपूर वेळ मिळाला तर तो अप्रतिम सोबती होतो. नाही मिळाला तर भुंकणं, कुरतडणं आणि पळणाऱ्या मुलांच्या टाचांना दात लावणं सुरू. आईबाबांपैकी एक जण रोज पळायला जाणारा असेल आणि मुलं आठच्या पुढची असतील, तरच.

*यॉर्कशर टेरिअर.* अडचण उलट बाजूची. हा साधारण तीन किलोचा जीव. गिरण्यांतल्या उंदरांसाठी वाढवलेला, म्हणून मनाने वाघ, पण हाडं काडीची. सोफ्यावरून मुलाच्या हातून निसटला तर पाय मोडतो. गुडघ्याची वाटी सरकणं, श्वासनलिका दबणं हे त्रास या जातीत आढळतात. म्हणून गळ्यात पट्टा न घालता छातीवरून जाणारा हार्नेस वापरावा लागतो. सततच्या उचलाउचलीला कंटाळून तो गुरगुरायला लागतो आणि मग त्याच्यावर ‘चिडका’ असा शिक्का बसतो. मुलं दहाच्या पुढची असली की मग यॉर्की.

*स्टॅफर्डशर बुल टेरिअर.* ब्रिटनमध्ये हा कुटुंबवत्सल म्हणून ओळखला जातो आणि माणसांवर खरोखरच जीव टाकतो. मुलांची राखण करण्यासाठीच पूर्वी तो ठेवत, ही गोष्ट मात्र भक्कम ऐतिहासिक आधाराशिवाय पसरली आहे. तिच्या भरवशावर मुलाला त्याच्याजवळ एकटं सोडू नका. जबड्याची आणि खांद्यांची ताकद मोठी असल्याने चूक झाली तर ती महागात पडते.

पिटबुल आणि त्याच्या संकरांचा विषय मुलांच्या घरात उघडूच नये. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरिअर यांच्यासह २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. पुढे त्याला न्यायालयांत आव्हान मिळालं आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवलं. त्यामुळे तुमच्या महापालिकेचा आजचा नियम काय आहे, हे परवाना विभागात विचारूनच घ्या. ब्रिटनमध्ये पिटबुलवर १९९१ च्या कायद्याने बंदी आहेच.

आपली हवा, आपली घरं

टेरिअर थंड मुलखातले. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांना सकाळी सातच्या आत आणि रात्री डांबर निवल्यावरच बाहेर न्या. ताठ, तारेसारखे केस असलेल्या जातींचं उन्हाळ्यात मुंडण करू नका. अशा कुत्र्यांचे मेलेले केस चिमटीत धरून, केस वाढतात त्या दिशेने उपटून काढतात. ते आपोआप सुटून येतात आणि नीट केलं तर दुखत नाही. मशीन फिरवली की पुढचे केस मऊ, फिके येतात आणि लवकर गुंततात. हे काम येणारा ग्रूमर शहरात आहे का, ते आधी शोधा.

पावसाळ्यात टेरिअरचा वारसा वेगळ्या रीतीने अंगाशी येतो. सोसायटीच्या गटाराजवळ घूस दिसली, तर लॅब्रेडॉर बघत राहील, टेरिअर झडप घालेल. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. लेप्टोची लस पशुवैद्याशी बोलून वेळेवर द्या आणि साचलेल्या पाण्यातून नेणं टाळा. कोकणात, गोव्यात वाडीचं घर असेल, तर सापाचाही विचार करा. इतर कुत्री भुंकून लांब राहतात, टेरिअर बऱ्याचदा पुढे जातो.

फ्लॅटमध्ये दिवसभर एकटा ठेवलेला टेरिअर भुंकणारच आणि तक्रार येणारच. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने स्पष्ट केलेलं आहे. पण म्हणून शेजाऱ्यांशी रोजचा वाद मुलांसमोर घालण्यात शहाणपण नाही.

पिल्लू निवडताना

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ‘पाच आठवड्यांचं न्या, लवकर लळा लागतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा. भावंडांत लोळताना, चावा जोराचा बसला की खेळ बंद होतो, हे पिल्लू याच आठवड्यांत शिकतं. मुलांच्या घरात येणाऱ्या टेरिअरला हा धडा फार गरजेचा.

पिल्लाची आई बघायचा आग्रह धरा. ती अनोळखी माणसाजवळ शेपटी हलवत येते, की कोपऱ्यातून गुरगुरते? पिल्लांमध्ये सर्वांत आधी धावत येऊन पँट पकडणारं पिल्लू मुलांना लगेच आवडतं. मागे दडून बसणाऱ्याची दया येते. दोन्ही सोडा. येऊन हुंगणारं, उचलल्यावर थोडं वळवळून मग शांत होणारं, पंजा हातात धरला तर दात न लावणारं, असं मधलं पिल्लू घ्या. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड हातात आल्यावरच पैसे द्या.

आणण्याची वेळही महत्त्वाची. दिवाळीत फटाके असतात, पिल्लाच्या मनात भीती बसते. मे महिन्याच्या सुट्टीत मुलं घरी असतात म्हणून आणावं वाटतं, पण जूनमध्ये शाळा सुरू झाली की पिल्लू एकदम एकटं पडतं. सुट्टीत आणलंत, तर पहिल्या आठवड्यापासूनच त्याला रोज थोडा थोडा वेळ एकटं राहायची सवय लावा.

घरातले नियम

पहिला नियम मोठ्यांसाठी: सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील, तर तिसरा माणूस जागा आणि तिथेच हवा. स्वयंपाकघरातून कान देणं पुरत नाही. मुलांना होणारे चावे बरेचदा घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्याचेच असतात आणि मुलाची उंची लक्षात घेता ते तोंडावर बसतात.

मुलांसाठी नियम मोजकेच ठेवा. तो खात असताना जवळ जायचं नाही. झोपलेला असताना हात लावायचा नाही. गळ्यात मिठी मारायची नाही, उचलायचं नाही. तो मागे लागला तर पळायचं नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं. आणि तीन आकड्यांचा नियम: एक-दोन-तीन म्हणेपर्यंत कुरवाळायचं आणि हात काढायचा. तो आणखी जवळ आला तर पुन्हा कुरवाळायचं, तोंड फिरवलं तर खेळ संपला.

कुत्रा चावण्याआधी सांगत असतो. ओठ चाटणं, भूक-झोप नसताना जांभई, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ करून थबकणं, ही सगळी ‘पुरे’ म्हणायची रीत. गुरगुरण्यावरून त्याला रागावू नका. गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी तो थेट दात लावेल.

खाण्याचंही सांभाळा. मुलांच्या हातून सांडणाऱ्या कांदेपोह्यांतला कांदा, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांसाठी विषारी आहेत. जंताचं औषध आणि रेबीजची लस वेळच्या वेळी द्या. लस दिलेला घरचा कुत्रा चावला तरी जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शेवटी एक कागद घ्या आणि नवरा-बायकोने वेगवेगळी उत्तरं लिहा. जुलैच्या पावसात सकाळी साडेसहाला कोण बाहेर नेणार? दोघंही ऑफिसला असताना कुत्रा कोणाजवळ? मुलाच्या मागे तो दहाव्यांदा धावला, तर न ओरडता कोण आवरणार? दोन्ही कागदांवर तीच नावं आली, तर पिल्लू बघायला जा. एकाही प्रश्नापुढे ‘बघू’ असेल, तर दोन वर्षं थांबा. तोवर मूल मोठं होईल, आणि टेरिअर तेव्हाही मिळतील.